तक्रारदार आपणच

दार वहिनीनं उघडलं. ताई तिच्याकडे न बघता सरळ जेवणाच्या टेबलाशी गेली आणि हातातला कागद तिनं दादाच्या चहाशेजारी आपटला. कप बशीत हलला. दादानं आधी कप सरळ केला, मग चष्मा, मग कागद.

"वाच," ताई म्हणाली. "मोठ्यानं वाच."

"आधी बस तरी."

"मी बसायला आलेले नाही. वाच."

दादानं घसा साफ केला. "'आपल्या पानावरील सर्व ध्वनिफिती हक्कदाराच्या तक्रारीवरून काढून टाकण्यात आल्या असून आपले खाते बंद करण्यात आले आहे. ही कारवाई चुकीची वाटत असल्यास कृपया तक्रारदाराशी थेट संपर्क साधावा.'" त्यानं मान डोलावली. "बरोबर आहे. अशीच पद्धत असते."

"खाली बघ. तक्रारदार कोण आहे?"

दादाचं बोट कागदावरून खाली सरकलं आणि थांबलं. तिथं ताईचं पूर्ण नाव होतं आणि त्याखाली तिचाच ई-मेलचा पत्ता.

"मी त्यांना लिहिलं, तक्रारदाराशी माझी गाठ घालून द्या. त्यांनी तत्परतेनं तक्रारदाराला मेल पाठवला. म्हणजे मला. की एक बाई तुमच्याशी बोलू इच्छितात, तुमची हरकत तर नाही ना?"

"मग तुम्ही काय कळवलंत?" वहिनीनं विचारलं.

"वहिनी!"

"नाही, सहज विचारलं."

"यात हसण्यासारखं काही नाही," दादा म्हणाला. "फॉर्मवर तिन्ही वारसांची नावं लागतात. पत्रव्यवहारासाठी एकाचा मेल. मी मेल बघत नाही, धाकटा फोन उचलत नाही. राहिलीस तू."

"आणि तक्रार कुणाविरुद्ध करतोयस तेही बघितलं नाहीस?"

"एकेकाविरुद्ध कुठं करत बसू? अ‍ॅप काढणाऱ्या कंपनीच्या माणसानं सांगितलं, आईच्या आवाजाचा नमुना द्या, पुढचं यंत्र बघतं. जिथं तो आवाज सापडेल तिथं ते कुलूप घालतं. मी नमुना दिला."

"आणि त्यानं पहिलं कुलूप आईच्याच वर्गाला घातलं."

ताई आता बसली. तिच्या पर्समध्ये फोन घरघरत होता. सकाळपासून तो तसाच घरघरत होता आणि प्रत्येक वेळी पलीकडे कुणाचे तरी आई किंवा बाबा होते: धडा उघडत नाही, मुलगा रुसलाय, आज काय करायचं?

बोलताना अडखळणाऱ्या मुलांसाठी आईनं हे धडे टेपवर भरले होते. एक साधं वाक्य, त्यावर एक साधा प्रश्न, आणि मग शांतता, मुलाला लागेल तेवढी. नंतर आईचा एक "हं" आणि पुढचं वाक्य. शाब्बासकी नाही, घाई नाही, चूक दाखवणं नाही. आई गेल्यावर ताईनं तोच वर्ग त्याच खोलीत पुढं चालवला होता. टेपच्या फाइल्स करून तिनं त्या वर्गाच्या पानावर ठेवल्या, ज्याला हव्या त्यानं घ्याव्यात अशा. दुसरीकडे कुठं ठेवाव्यात हे तिला सुचलंच नव्हतं. आता पानालाच कुलूप होतं आणि फाइल्स कुलपाच्या आत.

"तिकीट खिडकीवरच्या बाईंची मुलगी येते माझ्याकडे," ती म्हणाली. "माझ्यासमोर तोंड उघडत नाही. आईच्या आवाजासमोर उघडते. तिला मी काय सांगू? गेलेल्या बाईंनी आक्षेप घेतलाय?"

"तिला सांग, पुढच्या महिन्यात अ‍ॅप येतंय."

"आणि ते विकत घ्यायचं?"

"मग? फुकट मिळालेल्याची किंमत नसते कुणाला," दादा म्हणाला आणि त्यानं समोरचे कागद एका रेषेत लावले.

*

करारनाम्याच्या तीन प्रती होत्या. सही कुठं करायची ते कळावं म्हणून दादानं पिवळ्या चिकटपट्ट्या लावून ठेवल्या होत्या. कंपनीचा माणूस उद्या सकाळी येणार होता. एकच अट होती: आईचा आवाज अ‍ॅपशिवाय दुसरीकडे कुठंही ऐकू येता कामा नये. त्यासाठीच तक्रार, त्यासाठीच यंत्र.

दादाचं आयुष्य विमा कंपनीत दावे तपासण्यात गेलं होतं. जळालेल्या गोदामात मुळात माल होता की नाही हे तो राखेवरून सांगायचा. या घरात मात्र त्याच्या पुराव्यांना कुणी विचारत नव्हतं.

आईला फसवल्याचा पुरावा तर लख्ख होता. आईच्या टेप पहिल्यांदा बाजारात आणल्या त्या एका कॅसेट कंपनीनं. डबीवर फुगा घेतलेल्या मुलाचं चित्र आणि खाली 'अनुभवी शिक्षिकेच्या आवाजात'. नाव नाही. आई विचारायला गेली तेव्हा दादा तिच्याबरोबर होता, शाळेच्या गणवेशात. काउंटरमागच्या माणसानं आईनंच सही केलेला कागद तिला दाखवला आणि म्हणाला, बाई, वाचून सही करायची असते. परतीच्या वाटेवर तिनं त्याला पेन्सिल घेऊन दिली. ती पेन्सिल त्यानं कधी वापरली नाही.

नंतर ती कॅसेट कंपनी बुडाली. हक्क कुणाकडे गेले हे शोधायला वकील, वकिलांचे वकील, कचेऱ्यांचे जिने. ते हक्क दादानं परत आणले, एकट्यानं. आणि आणून बघतो तर काय, साऱ्या जगानं टेप उचलून वाटून टाकलेल्या. कुणी त्यांना नावही ठेवलं होतं: 'थांबणाऱ्या मावशी'. थांबणाऱ्या मावशी, धडा चौथा. थांबणाऱ्या मावशी, संपूर्ण संच.

"मावशी!" तो आता मोठ्यानं म्हणाला. "कुणाची मावशी? तिला नाव नव्हतं? एकदा त्यांनी पुसलं, आता हे पुसतायत. त्यांनी निदान डबीला पैसे लावले होते."

"लग्नानंतरचं पहिलं वर्ष," वहिनी कुणालाच उद्देशून नसल्यासारखी म्हणाली, "आम्ही सिनेमाला कमी आणि वकिलाकडे जास्त गेलो. वकिलाकडे पंखा बरा होता एवढंच."

"म्हणजे तू कुणाच्या बाजूची आहेस?"

"मी चहाच्या बाजूची आहे. ताई, ठेवू?"

दार उघडंच होतं. त्यातून धाकटा आत आला, चपला काढल्या, सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि भिंतीला पाठ लागेल अशा खुर्चीत बसला. तो चष्म्याच्या कारखान्यात भिंगं घासायचा. बोटांच्या टोकांना पांढरी पूड कायमची बसलेली. आईच्या वर्गातला पहिला विद्यार्थी तोच, आणि बोलणं अजून अडायचं. त्यानं खिशातून स्वतःचं पेन काढलं.

"कु..." तो म्हणाला.

"कुठं सही करायची?" दादानं लगेच म्हटलं. "ही बघ, इथं, इथं आणि शेवटच्या पानावर. पिवळ्या पट्ट्या लावल्यात."

"त्याला विचारू दे ना," ताई म्हणाली.

"विचारलंच की त्यानं."

"तू विचारलंस."

धाकट्यानं हात वर केला, भांडू नका अशा अर्थी, आणि पेनाचं टोपण काढलं. त्याचा चेहरा दाताच्या डॉक्टरकडे आलेल्या माणसासारखा होता: लवकर काय ते करा आणि मला सोडा.

"काका, थांब," आतल्या खोलीतून आवाज आला. "माझी एक शंका आहे."

"आली," दादा म्हणाला आणि त्यानं कपाळाला हात लावला.

*

दादाच्या मुलीला सगळे शंका म्हणत. हे नाव आजीनं ठेवलं होतं. पोरगी बोलायला लागली ती 'मग?' पासून, आणि पदार्थविज्ञानाची पदवी घेऊनही तिचं 'मग?' संपलं नव्हतं. ती लॅपटॉप घेऊन आली आणि काकाच्या शेजारी बसली. बाबांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. ही गोष्ट बाबांनी टिपली हे तिनंही टिपलं.

"बाबा, मला फक्त एवढं सांगा. आजी जाऊन इतकी वर्षं झाली. आणखी किती वर्षं हे कुलूप चालणार?"

"माणूस गेल्यावर साठ वर्षं. कायदाच आहे."

"म्हणजे तुम्ही नसाल, मीही म्हातारी असेन, तेव्हासुद्धा तिकीटवाल्या बाईंच्या पणतीला परवानगी लागेल. कुणाची? माझी, आत्याच्या मुलांची, त्यांच्या मुलांची. सगळ्यांची एकत्र. एक जण 'नाही' म्हणाला की संपलं. एक जण सापडला नाही तरी संपलं. आपण तिघांच्या सह्या एका दुपारी मिळवू शकत नाही आहोत."

"मिळत होत्या. तू आलीस."

वहिनी खुदकन हसली. शंकाही हसली. बाबांशी वाद घालताना हीच अडचण होती, ते अधूनमधून जिंकायचे.

"बरं, दुसरं. कॅसेटवरून कॅसेट केली की खरखर वाढायची. तिसऱ्या-चौथ्या कॉपीत आजी बोलतेय की भजी तळली जातायत ते कळायचं नाही. म्हणजे कॉपी करण्याला निसर्गाचाच लगाम होता, आणि कॉपी करायला कारखाना लागायचा. कायदा त्या कारखानदाराला धरायला केला होता. तुमच्या त्या काउंटरवाल्याला. आता फाइलची कॉपी हुबेहूब होते आणि फुकट होते. इतकंच काय, कॉपी केल्याशिवाय फाइल नुसती ऐकताही येत नाही. यंत्र ऐकण्यासाठीच आधी कॉपी करतं. म्हणजे जुन्या कायद्यानं बघितलं तर ऐकणारा प्रत्येक पोरगा थोडाथोडा काउंटरवाला झाला. तोतरं पोर आणि बनावट माल विकणारा, दोघं एकाच कलमात."

"मग काय, कायदा मोडून टाकायचा? प्रत्येकानं उठावं आणि दुसऱ्याचं उचलावं?"

"मोडा कुठं म्हणतेय? बदला म्हणतेय. विकणाऱ्याला धरा, नुसतं वाटणाऱ्याला सोडा. आणि ज्याला हक्क राखायचाय त्यानं ठरावीक वर्षांनी येऊन सांगावं, की मी आहे, मला अजून हवाय. नाही आला, तर ते सगळ्यांचं."

"पेन्शनवाल्यांच्या हयातीच्या दाखल्यासारखं," वहिनी म्हणाली.

"अगदी तसंच, आई."

"आणि ज्यानं लिहिलं, गायलं, शिकवलं, त्यानं खायचं काय?" दादा पुढं झुकला. "हे तुम्हा मुलांना कुणी विचारत नाही. सगळं फुकट हवं. फोन फुकट मिळतो का? नेटवाला फुकट देतो का? तारवाल्याला पैसे, यंत्रवाल्याला पैसे, फक्त जिचा आवाज आहे ती मावशी!"

हा मुद्दा खरा होता, आणि खऱ्या मुद्द्याला खोटं उत्तर देणं शंकाला जमत नसे.

"एक उपाय सांगतात," ती म्हणाली. "नेटच्या बिलातून थोडा भाग काढायचा आणि ज्याचं जास्त ऐकलं जातं त्याला जास्त वाटायचा."

"म्हणजे बिल वाढणार," वहिनी म्हणाली.

"हो. आणि मोजायचं कोणी, त्यातही लबाडी होईलच. मला पूर्ण उत्तर माहीत नाही, बाबा. पण तुम्हाला खरं तर पैसे नकोच आहेत. तुम्हाला तिचं नाव हवंय. आणि हा कायदा तुम्हाला नाव सोडून बाकी सगळं देतोय. यंत्रानं एवढ्या फाइल्स काढल्या, एकावर तरी नाव लिहिलं का?"

"अ‍ॅपवर येणार आहे नाव. पहिल्याच पानावर. ठळक." दादानं टेबलावर बोट आपटलं. "ऐका तरी एकदा. त्यांनी नमुना पाठवलाय. किती स्वच्छ केलंय बघा. मग बोला."

त्यानं फोन काढला, लांब धरला, जवळ धरला. शेवटी शंकानंच तो घेऊन नमुना लावला.

आधी घंटी वाजली. मग आईचा आवाज आला, इतका स्वच्छ, की ती कुठल्याच खोलीत नसल्यासारखी.

"मांजर भिंतीवर चढलं. कुठं चढलं?"

"शाब्बास!" दुसऱ्याच कुणाचा तरी चिरका आवाज आणि टाळ्या. "भिंतीवरून मांजरानं काय पाहिलं?" "शाब्बास!" टाळ्या. "मांजर खाली कसं आलं?" "शाब्बास!"

धडा संपलासुद्धा.

"हे काय आहे?" ताई म्हणाली.

"त्यांनी मधली रिकामी जागा काढलीय. आजकालची मुलं तेवढं थांबत नाहीत म्हणे."

"दादा, ती रिकामी जागा म्हणजेच धडा आहे! बाकी मांजर तर कुणीही चढवेल!"

"कराराच्या पुढच्या आवृत्तीत आपण सांगू शकतो की थोडी..."

"थोडी काय? थोडी शांतता? तोळ्यावर मागायची?"

"मूळ टेप कुठं आहेत, बाबा?" शंकानं विचारलं.

दादानं कागद पुन्हा एका रेषेत लावले. ते आधीच एका रेषेत होते. "कंपनीकडे. स्वच्छ करायला दिल्या. त्यांच्या माणसाचं म्हणणं, काम झाल्यावर त्या... ठेवण्यात अर्थ नसतो."

वहिनीनं चहाचं आधण न ठेवताच हातातलं भांडं खाली ठेवलं. आतापर्यंत ती मनातून नवऱ्याच्या बाजूची होती. एवढे जिने चढलेल्या माणसाला शेवटी काहीतरी मिळावं, एवढंच तिचं म्हणणं. पण सासूबाईंच्या टेप टाकून दिल्या असतील हे नवऱ्यानं तिला सांगितलं नव्हतं, आणि न सांगितलेल्या गोष्टीची बाजू ती घेत नसे. ती टेबलाला वळसा घालून ताईच्या शेजारी जाऊन बसली.

"म्हणजे," वहिनी सावकाश म्हणाली, "तुम्ही टेप देऊन टाकल्यात, यांच्या फाइल्सना कुलूप घातलंत, आणि आता या घरात सासूबाईंचा एक शब्द नाही. जगात सगळ्यांकडे आहे. फक्त आपल्याकडे नाही."

"सगळ्यांकडे आहे ना," शंका म्हणाली. "मग मागू या."

*

दादाचा विरोध तिनं पूर्ण ऐकून घेतला, टाइप करता करता. इंटरनेटवरचं हे जाळं सोपं होतं. लोक आपापल्या कॉम्प्युटरवरून एकमेकांना फाइलचे तुकडे देत होते, कुणाकडे सगळे तुकडे, कुणाकडे काही. मध्ये दुकान नाही, त्यामुळे यंत्राला कुलूप घालायला दारच सापडलं नव्हतं.

"माझ्या घरात!" दादा उभा राहिला होता. "माझ्या टेबलावर! माझ्या वाय-फायवर चोरी!"

"बिल माझ्या नावावर आहे," वहिनी म्हणाली. "चालू दे गं."

पट्टी हिरवी होत गेली. 'थांबणाऱ्या मावशी, संपूर्ण संच.' शंकानं चौथा धडा लावला.

आधी खरखर. मग दार लागल्याचा आवाज, खुर्ची सरकल्याचा. लांब कुठंतरी कुत्रं. आणि मग आई, खोलीसकट.

"ही टेप घरी घेऊन जा. पुढच्या वेळी कोरी कॅसेट आणा. आणखी एकाला करून द्यायचीय."

ताईनं डोळे मिटले. वर्गाच्या खिडकीत दोन खणांचा टेपरेकॉर्डर असायचा, एका खणातून दुसऱ्यात उतरवणारा. येणाऱ्या प्रत्येक आईबापाला एकच नियम: स्वतःसाठी एक न्या, अनोळखी माणसासाठी एक करून जा.

"म्हणजे आजीच पहिली," शंका म्हणाली.

"ते वेगळं होतं."

"कसं वेगळं?"

"ती आई होती!"

"कॅसेट कंपनीच्या करारानंतरही करून देत होती?"

"करारानंतर जास्त," ताई म्हणाली. "दोन्ही खण गरम व्हायचे."

"मांजर भिंतीवर चढलं," टेपमधली आई म्हणाली. "कुठं चढलं?"

आणि शांतता सुरू झाली.

धाकट्यानं टेबलाची कड धरली. मोठं झाल्यापासून त्यानं हे धडे एकदाही ऐकले नव्हते. लोकांना ती शांतता रिकामी वाटायची, हे त्याला माहीत होतं. कंपनीलाही वाटली. ती रिकामी कधीच नव्हती. तिच्यात तो होता. रेकॉर्डरच्या जाळीकडे बघत, ओठांवर 'भ' अडकलेला, आणि समोर आई, मान किंचित तिरकी, जणू तिला आज दुसरं काही कामच नाही.

"भि..." एक बारीक, पोरवयातला आवाज. "भि... भि..."

"भिंतीवर!" दुसरा आवाज म्हणाला. मोठ्या मुलाचा, उतावळा, हुशार.

टेबलाभोवती सगळ्यांनी एकाच वेळी दादाकडे बघितलं.

"तुला नाही विचारलं," आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, पण वादाला जागाही नव्हती. "त्याला विचारलंय. मी थांबते."

पुन्हा शांतता. कुत्रं. खुर्ची. कुणीतरी नाकानं जोरात श्वास घेतला.

"भिंतीवर," बारीक आवाज म्हणाला.

"हं," आई म्हणाली. "भिंतीवरून मांजरानं काय पाहिलं?"

शंकानं फाइल थांबवली. दादा अजून उभाच होता, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून.

"मी होतो तिथं?" त्यानं विचारलं.

"नेहमी," धाकटा म्हणाला. हा शब्द अडला नाही.

दादा खाली बसला. कंपनीनं तो आवाज काढला होता, आणि त्याबरोबर आईनं त्याला गप्प केलेलंही काढलं होतं. स्वच्छ म्हणून. त्यानं ते ऐकून मान डोलावली होती, करार सहीसाठी मांडला होता. पण माणूस एका टेपनं बदलत नाही. जरा वेळानं तो पुन्हा चिडक्या आवाजात म्हणाला, "ठीक आहे. नको करार. फाडा. पण मग काय? पुन्हा मावशीच ना? हे बघा, 'मावशी, संपूर्ण'. एवढ्या लोकांनी ऐकलं, एकाला माहीत आहे का ती कोण? तुम्ही सगळे बरोबर, मी मूर्ख, मान्य. पण तिचं नाव कुठंय? दाखवा मला."

ताईच्या पर्समध्ये फोन पुन्हा घरघरायला लागला.

धाकट्यानं पेनाला टोपण घातलं.

"मी..." तो म्हणाला.

दादानं तोंड उघडलं. मी सही करतो, मी निघतो, मी सांगत होतोच: तिन्ही वाक्यं त्याच्या जिभेवर तयार होती. त्यानं तोंड मिटलं. त्याला ते किती कठीण गेलं हे फक्त वहिनीनं पाहिलं.

"मी सांगतो. नाव. प्रत्येक धड्याच्या आधी. माझ्या आवाजात."

ताईनं झटकन मान वर केली. तिचा धंदाच हा होता, आणि अडखळणाऱ्या माणसाला सगळ्यात अवघड काय जातं हे तिला पक्कं माहीत होतं. नाव. बाकी कुठलाही शब्द अडला तर बाजूनं वाट काढता येते. 'पाणी' अडलं तर 'तहान लागलीय' म्हणता येतं. धाकट्यानं आयुष्यभर अशाच गल्ल्यांनी प्रवास केला होता. नावाला गल्ली नसते. आणि आईला तो आईच म्हणायचा. तिचं नाव उच्चारायची वेळच त्यानं येऊ दिली नव्हती.

"नक्की?" तिनं विचारलं.

"नक्की नाही," तो म्हणाला. "पण लाव."

आधी तक्रार मागं घ्यायची होती. ती तक्रारदाराच्याच मेलवरून घ्यावी लागते. ताईनं लॅपटॉप ओढला आणि दादानं सांगितलं, विमा कंपनीच्या भाषेत, "'मी माझ्याविरुद्ध केलेली तक्रार, माझ्याशी झालेल्या चर्चेअंती, विनाअट मागे घेत आहे.'"

"माझ्याशी झालेली चर्चा फार लांबली," ताई पुटपुटली आणि तिनं मेल पाठवला.

"आणि त्या बाकीच्या फाइल्स?" दादानं शंकाला विचारलं. "नाव नसलेल्या?"

"नाव असलेल्या त्याच जाळ्यात सोडू. लोक नवी घेतील की जुनीच वाटत राहतील, माहीत नाही. प्रयोग आहे, बाबा."

"आणि उद्या तो माणूस येणार त्याचं काय?"

"त्याला मी बघते," वहिनी म्हणाली. "आधी आमच्या टेप आण म्हणावं, मग बेल वाजव."

तिनं खिडकी लावली, पंखा बंद केला. शंकानं फोन टेबलाच्या मध्यावर, करारनाम्याच्या गठ्ठ्यावर ठेवला, कारण उंची बरोबर येत होती. लाल ठिपका लागला.

"हे धडे," धाकटा म्हणाला, "माझ्या आईनं केले. तिचं नाव..."

आणि तो अडला.

पहिलंच अक्षर. ओठ जुळले, सुटले नाहीत. मानेची शीर वर आली. ताई त्याच्याकडे बघत होती, मान किंचित तिरकी, आणि आपण अगदी आईसारख्या बसलोय हे तिला कळलं नाही. वहिनीनं पदराचं टोक मुठीत धरलं होतं. नाव सगळ्यांनाच माहीत होतं. दादाला तर ते लिहून लिहून पाठ झालेलं, अर्जांवर, नोटिसांवर, प्रतिज्ञापत्रांवर. ते त्याच्या ओठांवर येऊन बसलं होतं. त्यानं दोन्ही हात मांडीखाली घातले, शाळेतल्या पोरासारखे, आणि भावाच्या तोंडाकडे न बघता फोनच्या लाल ठिपक्याकडे बघत राहिला.

खाली रस्त्यावरून कुणीतरी सायकल ढकलत नेली. ती जाईपर्यंत कुणी हललं नाही.

मग धाकट्यानं आईचं नाव घेतलं. पूर्ण, आडनावासकट.

"हं," दादा म्हणाला.

शंकानं ठिपका बंद केला. पडद्यावर आवाजाची रेघ उमटली होती: आधी थोडे चढउतार, मग एक लांब, सपाट, सरळ रेष, आणि शेवटी एक उंच उसळी. तिच्या मागं एक लहानसा 'हं'.

"मधला भाग बराच लांब आहे," ती म्हणाली. "कापू?"

"हात लावू नकोस," दादा म्हणाला.